माँटेरेची रात्र : एका गायकाचा माहितीपट

गाणे क्षणभंगुर असते, ही तक्रार फार जुनी आहे. चित्र भिंतीवर टिकते, मूर्ती देवळात टिकते, ग्रंथ कपाटात टिकतो. गवयाचा स्वर मात्र कंठातून निघाला की हवेत विरून जातो. ग्रामोफोनच्या तबकडीने ही तक्रार निम्मी दूर केली. तबकडीवर आवाज राहिला. परंतु आवाजाभोवती जी मैफल असते ती राहिली नाही. एखाद्या रसिकाला काल रात्रीच्या बैठकीविषयी विचारावे, तर तो रागाचे नाव सांगून थांबत नाही. गवयाने डोळे केव्हा मिटले, हात कसा फेकला, तबलजीकडे पाहून तो कसा हसला आणि समेवर येताच पहिल्या रांगेतील म्हातारबुवांची मान कशी हलली, हे सारे तो सांगू लागतो. हा सर्व गाण्याचाच भाग होय, आणि तबकडीला तो दिसत नाही.

ही उणीव भरून काढण्याचे काम चित्रपटाने अंगावर घेतले. ते वाटते तितके सोपे नव्हे. कॅमेरा नेऊन ठेवला आणि गाणे टिपून घेतले, एवढ्याने मैफल पडद्यावर येत नाही. कॅमेरा कोठे उभा राहतो, किती वेळ एकटक पाहतो, गायकावरची नजर काढून श्रोत्यांकडे केव्हा वळवितो, यावर सारे अवलंबून असते. हे काम कसे साधते हे समजून घ्यावयाचे असेल, तर अवघ्या वीस-एक मिनिटांच्या एका माहितीपटाकडे बोट दाखविता येईल. त्याचे नाव 'शेक! ओटिस अ‍ॅट माँटेरे'. अमेरिकेतील 'सोल' नावाच्या गायनप्रकारातील श्रेष्ठ गायक ओटिस रेडिंग याने १७ जून १९६७ च्या रात्री कॅलिफोर्नियातील माँटेरे या गावी भरलेल्या संगीत महोत्सवात जे गायन केले, ते या चित्रपटात आहे. त्या रात्री रेडिंगचे वय पंचवीस वर्षांचे होते. त्यानंतर सहा महिने पुरते होण्याच्या आतच तो हे जग सोडून गेला. चित्रपट पाहणाऱ्याला हे ठाऊक असते; पडद्यावर गाणाऱ्या त्या तरुणाला ते ठाऊक नसते. या वीस मिनिटांचे मोल कशात आहे, हे कळण्यासाठी प्रथम त्या गायकाची ओळख करून घेतली पाहिजे.

रेडिंगचा जन्म ९ सप्टेंबर १९४१ रोजी जॉर्जिया राज्यातील डॉसन या लहानशा गावी झाला, आणि तो वाढला त्याच राज्यातील मेकन या शहरात. घरची स्थिती बेताची. वडील पोटाचा उद्योग सांभाळून चर्चमध्ये प्रवचनेही करीत. त्यांना क्षयाने गाठले तेव्हा ओटिसने वयाच्या पंधराव्या वर्षाच्या सुमारास शाळा सोडली आणि घराचा भार उचलण्यासाठी मिळेल ते काम धरले. त्याचा गळा तयार झाला तो चर्चच्या गायकवृंदात. पुढे मेकनच्या डग्लस थिएटरात नवोदित गायकांच्या ज्या स्पर्धा होत, त्यांत त्याने वारंवार बक्षिसे मिळविली आणि जॉनी जेंकिन्स नावाच्या गिटारवादकाच्या ताफ्यात त्याला जागा मिळाली.

त्याच्या भाग्योदयाची कथा मोठी मौजेची आहे. १९६२ साली जेंकिन्सला ध्वनिमुद्रणासाठी टेनेसी राज्यातील मेम्फिस येथे 'स्टॅक्स' या कंपनीत बोलाविणे आले. जेंकिन्सजवळ मोटार चालविण्याचा परवाना नव्हता. म्हणून मोटार हाकण्यास रेडिंग सोबत गेला. जेंकिन्सचे मुद्रण काही मनासारखे झाले नाही. थोडा वेळ उरला होता. त्या उरलेल्या वेळात या मोटार चालविणाऱ्या तरुणाला गाऊ द्यावे, असे ठरले. त्याने 'दीज आर्म्स ऑफ माइन' हे स्वतः रचलेले संथ गीत म्हटले, आणि ज्याच्यासाठी मोटार आली होती तो बाजूस राहून ज्याने ती आणली होती त्याचीच तबकडी बाजारात आली. पुढील पाच वर्षांत रेडिंगचे नाव अमेरिकेतील कृष्णवर्णीय समाजात घरोघर झाले.

आता 'सोल' म्हणजे काय, हा प्रश्न साहजिकच येतो. या शब्दाचा अर्थ आत्मा. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या चर्चमध्ये ईश्वरस्तवनाची एक जोमदार गायनपद्धती पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे; तिला 'गॉस्पेल' म्हणतात. आपल्याकडे कीर्तनकार बुवा अभंगाचा चरण टाकतात आणि मागे उभे असलेले टाळकरी तो झेलतात. तद्वत तेथे प्रवचनकार एक उद्गार काढतो व सारी सभा त्याला उत्तर देते. उत्तर येते तसा तो चढतो, तो चढतो तशी सभा चढते. या गायनाचा आवेश, ही हाक आणि हे उत्तर, चर्चबाहेर नेऊन 'ऱ्हिदम अँड ब्लूज' या लौकिक संगीताच्या ठेक्यावर बसविले आणि देवाच्या जागी माणसाच्या प्रेमाचा, विरहाचा व मानापमानाचा विषय घातला, की सोल संगीत सिद्ध झाले. १९५५ नंतरच्या काळात रे चार्ल्स, सॅम कुक आदी गायकांनी ही वाट पाडली. रेडिंग हा त्याच वाटेचा वाटसरू. त्याचा आवाज गुळगुळीत नव्हता. त्यात एक खरखर होती. शब्द अर्ध्यावर तुटे, पुन्हा उचलला जाई, एकच उद्गार चार-पाच वेळा येई. गीताचे शब्द संपले तरी भावना संपलेली नसे, आणि ती शब्दावाचून बोलू लागे. या गायनाचे सारे रहस्य येथेच आहे.

अशा गायनाला साथ मोलाची लागते. 'स्टॅक्स' कंपनी जिम स्टुअर्ट आणि एस्टेल अ‍ॅक्स्टन या गोऱ्या भावा-बहिणीने चालविली होती. तिचा मुद्रणकक्ष म्हणजे एक जुने सिनेमागृह. खुर्च्या काढून टाकल्या तरी जमिनीचा उतार तसाच राहिला होता, आणि त्या उतरत्या दालनात उमटणाऱ्या आवाजाला एक निराळाच भरीवपणा येई. तेथील वाद्यमेळाचे नाव 'बुकर टी. अँड द एम. जीज'. त्यात ऑर्गनवर बुकर टी. जोन्स व ड्रमवर अल जॅक्सन हे दोघे कृष्णवर्णीय, तर गिटारवर स्टीव्ह क्रॉपर व बास गिटारवर डोनाल्ड डन हे दोघे गोरे. जोडीला 'मार-कीज' या नावाने ट्रंपेट आणि सॅक्सोफोन वाजविणारी मंडळी. आज यात कोणाला काही विशेष वाटणार नाही. परंतु सार्वजनिक जागी वर्णभेद करण्यास बंदी घालणारा कायदा अमेरिकेत झाला तो १९६४ साली. दक्षिणेकडील त्या शहरात काळ्या व गोऱ्या माणसांनी एका टेबलाशी जेवणे ही देखील सहज होणारी गोष्ट नव्हती. त्या काळात ही माणसे एका दालनात बसून, एकमेकांच्या मनाचा ठाव घेत, एक गाणे उभे करीत होती.

माँटेरेचा महोत्सव मात्र निराळ्याच जगातला होता. १६, १७ व १८ जून १९६७ असे तीन दिवस गावच्या जत्रेच्या मैदानावर तो भरला. जॉन फिलिप्स हा गायक आणि लू अ‍ॅडलर हा ध्वनिमुद्रिकांचा निर्माता हे त्याचे प्रमुख चालक होते. उत्पन्न सत्कार्याला द्यावयाचे, म्हणून कलावंत मानधन न घेता गाण्यास आले होते. याला अपवाद एकच, आणि तो आपल्या परिचयाचा आहे. पंडित रविशंकर यांच्याशी आधीच करार झाला होता, म्हणून त्यांना तीन हजार डॉलर देण्यात आले. १८ तारखेला दुपारी त्यांनी सतार वाजविली; तबल्याच्या साथीला उस्ताद अल्लारखा होते. मुंबईच्या संगीतवर्तुळात वावरणारा हा तबलजी त्या दिवशी कॅलिफोर्नियातील तरुणांना तालाचे वेड लावून आला.

या महोत्सवाचे श्रोते बहुतांशी गोरे तरुण होते. केसांत फुले माळणारी, अंगावर रंगीबेरंगी झगे घालणारी, व्हिएतनामच्या युद्धाला विटलेली आणि प्रेम हाच मंत्र मानणारी ही पिढी. त्यांचे आवडते संगीत विजेच्या गिटारीचे. रेडिंगचे नाव त्यांना अगदीच अपरिचित होते असे नाही. १९६६ साली लॉस एंजेलिस व सॅन फ्रान्सिस्को येथे त्याचे कार्यक्रम झाले होते, आणि १९६७ च्या वसंतात युरोपचा दौरा करून तो नुकताच परतला होता. तथापि एवढ्या मोठ्या आणि आपल्या नेहमीच्या श्रोत्यांहून इतक्या भिन्न जमावापुढे उभे राहण्याचा हा प्रसंग नवाच होता. शनिवारच्या रात्रीचा शेवटचा गायक म्हणून त्याची योजना झाली होती. रात्र चढली होती, हवेत पाऊस होता, आणि त्याच्या आधी 'जेफरसन एअरप्लेन' हा त्या प्रांतातील लाडका ताफा वाजवून गेला होता. जमलेली गर्दी उठून जाण्याचाच हा समय.

हे सारे टिपण्याचे काम डी. ए. पेनेबेकर याच्याकडे होते. पेनेबेकरचे मूळ शिक्षण यंत्रशास्त्राचे, आणि ते येथे पुष्कळ उपयोगी पडले. पूर्वीचे बोलपटाचे कॅमेरे जड असत. ते तिवईवर ठेवावे लागत आणि ध्वनियंत्राशी जाड तारेने जखडलेले असत. माणसाने कॅमेऱ्यापुढे यावे, कॅमेऱ्याने माणसामागे जाऊ नये, असा तो मामला. १९६० च्या सुमारास रॉबर्ट ड्रू, रिचर्ड लीकॉक, अल्बर्ट मेझल्स आणि पेनेबेकर या मंडळींनी खांद्यावर घेता येईल असा सोळा मिलिमीटर फिल्मचा कॅमेरा आणि त्याच्या गतीशी जुळून चालणारे हलके ध्वनिमुद्रक यंत्र वापरण्याची पद्धत सिद्ध केली. आता छायाचित्रकार गर्दीत शिरू शकत होता, रंगमंचाच्या कडेला बसू शकत होता, गायकाच्या पाठीशीही उभा राहू शकत होता. माँटेरे येथे असे अनेक छायाचित्रकार निरनिराळ्या जागी पेरलेले होते. लीकॉक आणि मेझल्स हेही त्यांत होते.

यातील एक अडचण ध्यानात घेण्याजोगी आहे. सोळा मिलिमीटरच्या चारशे फुटी रिळात सोळा हजार चित्रे मावतात. पडद्यावर हालचाल सुरळीत दिसावी म्हणून सेकंदाला चोवीस चित्रे घ्यावी लागतात. म्हणजे एक रीळ अकरा मिनिटांत संपते. वीस मिनिटे गाणाऱ्या गायकाचे चित्रण करताना प्रत्येक छायाचित्रकाराला मध्येच केव्हातरी रीळ बदलण्यासाठी थांबावेच लागणार. सगळे एकाच वेळी थांबले तर गाण्यात खिंडार पडणार. शिवाय फिल्म महाग. म्हणून कोणते गीत चित्रित करावयाचे याची खूण देण्यासाठी रंगमंचाच्या कडेला एक तांबडा दिवा ठेवलेला असे. आवाजाची व्यवस्था स्वतंत्र होती. मैदानाबाहेर उभ्या केलेल्या गाडीत आठ पट्ट्यांवर एकाच वेळी ध्वनी मुद्रित करणारे यंत्र चालू होते. त्यामुळे कंठ, ड्रम, गिटार आणि फुंकवाद्ये यांचे आवाज पुढे निवांतपणे तोलून एकत्र करता आले. याचा परिणाम असा, की पडद्यावर चित्र एका कॅमेऱ्याकडून दुसऱ्याकडे उडी मारते, परंतु गाण्याची धार तुटत नाही. आवाज हा दोरा, आणि चित्रे त्यात ओवलेली.

आता प्रत्यक्ष गायनाकडे वळू. आरंभी 'एम. जीज' आणि 'मार-कीज' यांनी आपले वादन केले. मग रेडिंग झपाट्याने आला. अंगावर हिरवट रंगाचा नेटका सूट, उंचापुरा बांधा. आल्या आल्या त्याने 'शेक' हे सॅम कुकचे गीत धरले. कुक हा त्याचा आदर्श; तो १९६४ च्या डिसेंबरात गोळी लागून मरण पावला होता. एक शब्द रेडिंगने फेकावा आणि तोच शब्द श्रोत्यांनी मोठ्याने परत द्यावा, असा खेळ त्याने पहिल्या मिनिटातच सुरू केला. चर्चमधली ती जुनी हाक आणि ते उत्तर! ज्या तरुणांनी कदाचित कृष्णवर्णीयांच्या चर्चचा उंबरठाही ओलांडला नसेल, त्यांना त्याने क्षणार्धात त्या सभेचे सभासद करून टाकले.

दुसरे गीत 'रिस्पेक्ट'. हे रेडिंगने स्वतः रचून १९६५ मध्ये गाइलेले. दिवसभर राबून घरी येणारा पुरुष थोड्या मानाची मागणी करतो, असा त्याचा आशय. पुढे अ‍ॅरेथा फ्रँकलिन या गायिकेने तेच गीत स्त्रीच्या मुखी घातले. मागणी करणारी आता स्त्री झाली आणि गीताचा अर्थच पालटला. ती तबकडी माँटेरेच्या त्याच जून महिन्यात अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर होती. एका मुलीने, आपल्या मैत्रिणीने, हे गाणे आपल्यापासून नेले, असे रेडिंगने श्रोत्यांना हसत सांगितले आणि मग असे गाइले, की नेलेले गाणे निदान तेवढ्या मिनिटांपुरते त्याच्याकडे परत यावे. पराभवाची ही खिलाडू कबुली पडद्यावर पाहताना गायक तर आवडतोच, परंतु माणूस अधिक आवडतो.

यानंतर त्याने वेग उतरविला. प्रेमाचा उच्चार करणारी मंडळी ती हीच ना, अशा अर्थाचा प्रश्न त्याने समोरच्या जमावाला केला आणि होकाराची गर्जना उठताच 'आय हॅव बीन लव्हिंग यू टू लाँग' हे विलंबित गीत उचलले. चित्रपटाच्या दृष्टीने सर्वांत मोठा क्षण तो हाच. पेनेबेकर स्वतः कॅमेरा घेऊन गायकाच्या मागे उभा होता. समोरून प्रकाशाचा प्रखर झोत येत होता. छायाचित्रणाच्या पाठ्यपुस्तकाप्रमाणे ही जागा चुकीची. झोत सरळ भिंगात शिरला म्हणजे चित्र पांढरेफटक होऊन जाते. परंतु रेडिंग गाताना झुलत होता. त्याचे मस्तक झोताच्या आड आले की चहूकडे काळोख होई आणि केवळ त्याची कडा उजळून निघे. तो बाजूला झुकला की सारा पडदा प्रकाशाने भरून जाई. गाणे थांबते, सुटते, पुन्हा वाद्यांच्या आघाताबरोबर उसळते. प्रकाशही तसाच झाकला जातो आणि उघडतो. गायकाचा चेहरा धड दिसतही नाही, आणि तरी त्याच्या अंतःकरणाच्या इतके निकट नेणारे चित्र विरळा. छायाचित्रकाराने येथे हुशारी दाखविली ती एवढीच, की त्याने जागा सोडली नाही.

चौथे गीत 'सॅटिस्फॅक्शन'. मूळ इंग्लंडमधील 'रोलिंग स्टोन्स' या ताफ्याचे, १९६५ चे. कृष्णवर्णीयांच्या संगीतावर पोसलेल्या गोऱ्या तरुणांनी रचलेले गाणे एका कृष्णवर्णीय गायकाने पुन्हा गोऱ्या तरुणांपुढे गावे, यात देवाणघेवाणीचे एक वर्तुळच पूर्ण झाले. मूळ गाण्यात जो भाग गिटार वाजविते तो येथे ट्रंपेट व सॅक्सोफोन यांच्याकडे दिला आहे, आणि ठेका इतका वाढविला आहे की वाजविणाऱ्यांचा श्वास पुरेनासा व्हावा.

शेवटी 'ट्राय अ लिट्ल टेंडरनेस'. हे १९३२ सालचे जुने, संथ, दिवाणखान्यात शोभणारे गीत. बिंग क्रॉस्बीसारख्या गायकांनी ते मृदू आवाजात म्हटलेले. रेडिंगने १९६६ मध्ये त्याचा कायापालट केला. आरंभ संथच, ड्रमच्या काठावर घड्याळासारखी टिकटिक तेवढी चालू असते. मग एकेक वाद्य मिळत जाते, ठेका भरतो, लय चढते आणि अखेरीस सारा वाद्यमेळ व गायक मिळून एकच वादळ उठते. विलंबितातून द्रुतात जाण्याचा हा क्रम आपल्या रसिकांना समजावून सांगावयास नको.

या गीताच्या वेळी संकलनकारांनी एक धाडस केले आहे. रेडिंगवरून कॅमेरा हलतो आणि तीन दिवसांच्या महोत्सवात टिपलेल्या तरुण स्त्रियांचे चेहरे एकामागून एक येऊ लागतात. गीत स्त्रीच्या शिणलेल्या मनाला जपावे असे सांगणारे. म्हणून हे चेहरे. ते सारे त्या घटकेला तेच गीत ऐकत होते असे नव्हे. गायन रात्रीचे, आणि त्यांतील कित्येक दृश्ये दिवसाच्या उजेडातली आहेत. ऐन रंगात आलेल्या गायकाला नजरेआड का केले, असे एखाद्या प्रेक्षकाला वाटेल, आणि त्याची तक्रार अगदीच अवाजवी नाही. परंतु यातून एक गोष्ट स्पष्ट होते. माहितीपट म्हणजे घडले त्याची नक्कल नव्हे. त्यात निवड असते, जोडणी असते, आणि जोडणाऱ्याचे मतही असते. माहितीपट पाहताना हे ध्यानात ठेवणाऱ्या प्रेक्षकाचा आनंद कमी होत नाही. तो डोळस होतो.

हीच निवड प्रथम फार कठोरपणे झाली होती. या चित्रणाचे हक्क आरंभी ए. बी. सी. या दूरचित्रवाणी कंपनीकडे होते; तिने चित्रपट दाखविण्यास नकार दिला, म्हणून तो डिसेंबर १९६८ मध्ये 'माँटेरे पॉप' या नावाने चित्रपटगृहांत आला. तीन दिवसांचा महोत्सव त्यात सुमारे ऐंशी मिनिटांत बसवावयाचा होता. त्यामुळे रेडिंगची दोनच गीते घेता आली. त्या चित्रपटाची अखेर रविशंकरांच्या वादनाने होते. तेथेही हीच दृष्टी दिसते. सतारीचा स्वर ऐकू येतो, परंतु कॅमेरा कितीतरी वेळ श्रोत्यांतच हिंडत राहतो, आणि मग कोठे वादकांचे दर्शन होते. ऐकणारा माणूस हाही मैफलीचा अर्धा भाग आहे, हे पेनेबेकरला पक्के उमगले होते. रेडिंगचे त्या रात्रीचे गायन १९७० मध्ये तबकडीवर आले. तिच्या एका बाजूस जिमी हेंड्रिक्स व दुसऱ्या बाजूस रेडिंग होता. पाचही गीतांचा स्वतंत्र माहितीपट मात्र वीसएक वर्षांनी, १९८५ नंतर, पेनेबेकर, क्रिस हेगेडस आणि डेव्हिड डॉकिन्स यांनी तयार केला. डब्यांत जपून ठेवलेली फिल्म व्यर्थ गेली नाही.

मधल्या काळात काय घडले, हे सांगितल्यावाचून या चित्रपटाचे गांभीर्य कळणार नाही. १९६७ च्या उन्हाळ्यात रेडिंग सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागरावर, सॉसालिटो येथे एका नावघरात काही दिवस राहिला होता. तेथे धक्क्यावर बसून भरती-ओहोटी पाहणाऱ्या माणसाचे एक गीत त्याला सुचू लागले. क्रॉपरच्या साह्याने ते पुरे झाले आणि डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात त्याच्या मुद्रणाचे शेवटचे काम झाले. १० डिसेंबर १९६७ रोजी विस्कॉन्सिन राज्यातील मॅडिसन शहराजवळ त्याचे विमान मोनोना सरोवराच्या गोठलेल्या पाण्यात कोसळले. विमानात त्याचे साथीदार 'बार-कीज' ताफ्यातील तरुण होते. रेडिंगसह सात जण दगावले. बेन कॉली हा ट्रंपेटवादक तेवढा वाचला. रेडिंगचे वय सव्वीस. ते धक्क्यावरचे गीत जानेवारी १९६८ मध्ये प्रसिद्ध झाले आणि मार्चमध्ये अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेले. हयात असताना हे स्थान त्याला कधी मिळाले नव्हते.

त्यानंतर महिन्याभरातच, ४ एप्रिल १९६८ रोजी, डॉ. मार्टिन लूथर किंग यांची हत्या झाली. ती झाली मेम्फिस शहरातच, लोरेन मोटेल येथे. 'स्टॅक्स'चे काळे-गोरे कलावंत याच मोटेलात एकत्र बसून गाणी रचीत असत. ज्या शहरात एका दालनापुरती का होईना समता नांदत होती, त्याच शहरात ही गोळी सुटली. म्हणून डिसेंबर १९६८ मध्ये लोक जेव्हा चित्रपटगृहात बसून माँटेरेची रात्र पाहू लागले, तेव्हा पडद्यावर दिसणारे आणि बाहेर घडलेले यांमध्ये एक खोल दरी पडलेली होती. दक्षिणेतील एका प्रवचनकाराचा मुलगा, त्याच्या मागे दोन काळे व दोन गोरे वादक, आणि समोर त्याच्या हाकेला ओ देणारी हजारो गोरी मुले. हे शक्य होते, हे एकदा घडले होते, याचा पुरावा त्या फिल्मवर उरला होता.

अशा चित्रपटाचे मोल ठरविताना फार मोठे दावे करू नयेत. पाऊस अंगावर घेत मैदानात बसलेल्या माणसाला जे लाभले ते पडद्यासमोर बसलेल्याला लाभणार नाही. वीस मिनिटांत कोणा कलावंताचे सबंध आयुष्यही मावत नाही. एका रात्रीने समाजाचे दुखणे बरे होत नाही, हे तर पुढच्याच वर्षाने दाखविले. परंतु गायक कसा उभा राहिला, परक्यांना त्याने आपलेसे कसे केले आणि परके कसे आपले झाले, एवढे त्या पट्टीवर निश्चित आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या चित्रपट-सूचीत २०१८ साली 'माँटेरे पॉप' या चित्रपटाची जतन करण्यासाठी निवड झाली. पुढच्याच वर्षी, १ ऑगस्ट २०१९ रोजी, पेनेबेकर वयाच्या चौऱ्याण्णव्या वर्षी निवर्तला. चित्रण करणाराही गेला आणि चित्रित झालेला तर केव्हाच गेला होता.

माहितीपटाच्या अखेरीस रेडिंग रंगमंच सोडताना श्रोत्यांना सांगतो, की आता आपल्याला गेले पाहिजे, पण जावेसे वाटत नाही. त्या रात्री हे बोलणे केवळ रंगात आलेल्या गायकाचे होते, आणि श्रोत्यांनी ते तसेच ऐकले. आज ते ऐकणाऱ्याला त्यात दुसरा अर्थ ऐकू येतो. त्याला इलाज नाही. परंतु दुसऱ्यांदा चित्रपट पाहताना तो अर्थ थोडा बाजूस ठेवून पाहावे. हिरवट सूट घातलेला पंचवीस वर्षांचा एक तरुण घामाघूम होऊन हसतो आहे. त्याची रात्र चांगली गेली आहे. ते हसू आहे तसे पाहता येते, यासाठीच तर कॅमेरा तेथे होता.